तोल कुणाचा, भार कुणाच्या डोक्यावर?

(वस्तीतल्या विहारात तरुण कार्यकर्त्यांचं दोन दिवसांचं अभ्यास शिबिर झालं. त्यात केलेलं हे भाषण. बोलण्याचा बाज होता तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेवर माझ्या नावापुढं विषय छापलाय, 'जीवनाच्या विविध क्षेत्रांतील संतुलन'. वाचला आणि आधी हसूच आलं. च्यायला, हा विषय आपला कधीपासून झाला? हा तर रविवारच्या पुरवणीतला विषय. सकाळी फिरायला जा, संध्याकाळी कुटुंबासोबत जेवा, पंधरा मिनिटं डोळे मिटून बसा, झालं संतुलन. ज्याच्या घरी भांडी घासायला आपली आई जाते त्याचं संतुलन चांगलंच असणार. त्याच्या तराजूचं एक पारडं आपल्या आईच्या डोक्यावर आहे.

मग विषय देणाऱ्या पोरांना विचारलं, बाबांनो, हे काय काढलंत? तर त्यातला एक म्हणाला, "गेल्या शिबिराला चाळीस जण होते. आज बावीस आहेत. बाकीचे अठरा कुठं गेले ते तुम्हीच सांगा."

मग माझं हसू गेलं. कारण ते कुठं गेले ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. एक जण पाठीवर पिशवी लावून दिवसाचे बारा-बारा तास लोकांच्या दारात जेवण पोचवतो. दोघांची लग्नं झाली. एक जण स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय आणि आपल्यापैकी कुणी दिसलं की रस्ता बदलतो, त्याला वाटतं आपण पळपुटे ठरलो. एका पोरीला घरचे म्हणाले, मीटिंगा बास झाल्या. आणि दोघं कुठं बसतात ते रात्री दहानंतर नाक्यावर गेलात तर दिसतं. यातला एकही गद्दार नाही. ही माणसं दमली. आपण दमलेल्या माणसाला गद्दार म्हणायला शिकलो, एवढंच आपलं शिक्षण झालं.

म्हणून आज या विषयावर बोलायचं. पण पुरवणीतल्यासारखं नाही, आपल्यासारखं.

पहिली गोष्ट. तोल सांभाळायला आधी वेळ हातात लागतो. आणि आपल्या माणसाच्या हातात वेळ कधी होता? महारकी आठवा. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आठवा. गावचा सांगावा न्यायचा, सरकारी माणसाचं ओझं वाहायचं, चावडीला लाकडं टाकायची, मेलेलं ढोर ओढायचं. दिवस नाही, रात्र नाही. हाक आली की उठायचं. घरातला कर्ता बाहेर असला तर त्याच्या जागी बापानं जायचं, बाईनं जायचं. म्हणजे नोकरी एकाची नव्हतीच, अख्ख्या घराची होती. या माणसाला विचारा, तुझं घर किती वाजता सुरू होतं आणि काम किती वाजता संपतं? तो तोंडाकडं बघत बसेल. त्याच्या आयुष्यात 'क्षेत्रं' नव्हतीच. एकच क्षेत्र होतं, वेठ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते काय फक्त चार बिघे जमिनीसाठी? माणसाचा दिवस माणसाच्या मालकीचा व्हावा, हा त्यातला खरा मुद्दा. ती वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडावं लागलं.

दुसरी आठवण गिरणीची. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली. मागण्या काय होत्या ऐका. आठवड्याला एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन दिवस मावळला की बंद. एवढंच! अर्धा तास भाकरी खायला मागावा लागत होता. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. आज ज्या पुरवणीत संतुलनाचे लेख छापून येतात त्या पुरवणीचा रविवार एका सत्यशोधकानं भांडून मिळवलेला आहे. हे त्या पुरवणीत कधी छापून आलेलं मी वाचलं नाही.

तिसरी. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. त्याच्याही आधी, १९२८ साली, बाळंतपणाच्या पगारी रजेच्या बिलाला त्यांनी कायदेमंडळात पाठिंबा दिला होता. म्हणजे घर आणि काम यांचा तोल हा विषय आपल्याकडं परक्या देशातल्या पुस्तकातून आलेला नाही. आपल्याच माणसांनी तो सभेत आणि कायद्यात मांडला. आणि त्यांनी तो उपदेश म्हणून मांडला नाही, मागणी म्हणून मांडला. हा फरक डोक्यात पक्का ठेवा.

आता आजचं बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातली दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर. मघाशी सांगितलं त्या डिलिव्हरीवाल्या पोराला तर मर्यादाच नाही. त्याला मालक नाही, मुकादम नाही, मोबाइल आहे. मोबाइल वाजला की उठायचं. महारकीत चावडीवरून हाक यायची, आता खिशातून येते.

चला, हिशेब मांडू. आठवड्याचे तास १६८. रोजची ७ तास झोप धरली तर ४९ गेले. कायद्यातलं काम ४८. कल्याण-अंबरनाथहून लोकलला लोंबकळत येणाऱ्याचा जाऊन-येऊन रोजचा तीन तास प्रवास, सहा दिवसांचे १८. उरले ५३. आता कामाचे ४८ काढा आणि तिथं बारा तासांचे सहा दिवस, म्हणजे ७२ घाला. उरतात २९. दिवसाला चार तास आणि वर थोडी मिनिटं. त्यात आंघोळ, जेवण, पाणी भरणं, रेशन, आईचं औषध, पोराचा अभ्यास, पुस्तक वाचणं, मीटिंग आणि क्रांती. क्रांतीच्या वाट्याला किती मिनिटं येतात ते तुम्हीच काढा.

म्हणून तुम्हाला कुणी म्हणालं की "अरे, तुला वेळेचं नियोजन जमत नाही," तर त्याला हा हिशेब दाखवा. नियोजन नंतर. आधी वेळ कुणी चोरला ते बोल.

पण दोस्तांनो, एवढंच बोलून मी खाली बसलो तर तुम्ही टाळ्या वाजवाल आणि ते अठरा जण काही परत येणार नाहीत. कारण वेळ व्यवस्थेनं चोरला हे खरं असलं तरी उरलेल्या वेळाचं आपण काय केलं, याचा जाब व्यवस्थेला विचारता येत नाही. तो आपल्याला आपणच विचारायचा.

आपल्या चळवळीत एक वाक्य फार चालतं. "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे. तुम्ही काय करता?" मीही हे वाक्य शंभर पोरांच्या तोंडावर मारलंय. पण बाबासाहेबांचं आयुष्य नीट वाचा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धं टाकून त्यांना परतावं लागलं. त्यांनी काय केलं? १९१८ ला सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरकी धरली. परळच्या चाळीत राहून पैसा साठवला. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला. आणि त्याच वर्षी पुन्हा लंडन गाठलं. पत्र नुकतंच निघालेलं, समाज जागा होऊ लागलेला, आणि हा माणूस अभ्यास पुरा करायला निघून गेला! आजच्या आपल्या एखाद्या मीटिंगमध्ये त्यांना काय म्हणाले असते? करिअरिस्ट. पळपुटा. ते १९२३ ला परत आले, १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, १९२७ ला महाड. अभ्यास पुरा झाला नसता तर पुढं संविधान सभेत उभं राहायला कोण होतं? म्हणजे सगळं एकाच दिवशी करायचं असतं असं नाही. कधी एक पारडं खाली जाऊ द्यावं लागतं. पण कुठलं आणि कशासाठी, हे ठाऊक असावं लागतं. तो परीक्षेचा अभ्यास करणारा पोरगा रस्ता बदलतो ना? त्याला उद्या सांगा, रस्ता बदलू नको. परीक्षा दे. तीही चळवळच आहे. फक्त पास झाल्यावर रस्ता बदलू नको.

आणि त्या आयुष्याची दुसरी बाजूही वाचा. पाच लेकरांतली चार गेली. २७ मे १९३५ ला रमाई गेली. मधुमेहानं शरीर पोखरलं. १९५६ साली ते गेले तेव्हा वय अवघं ६५. ही किंमत त्यांनी मोजली कारण त्यांच्यामागं दुसरा बाबासाहेब नव्हता. आज आपण हजारो आहोत. हजारो असताना एकाच माणसाला जाळून उजेड करायचा, ही चळवळीची रीत असू शकत नाही. आणि एवढ्या धबडग्यातही त्यांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं. बागेची हौस होती. कुत्री पाळली. पण हे बाबासाहेब आपण पोस्टरवर आणत नाही.

आता जरा घरचं सांगतो.

आमच्यातला एक शाहीर होता. नाव घेत नाही. नामांतराच्या काळात आवाज असा, की डफावर थाप पडली की खिडकीतल्या बाया खाली उतरायच्या. नामविस्तार झाला १९९४ ला, त्यानंतरही तो थांबला नाही. १९९७ च्या ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं गेली. त्यानंतरचे कित्येक महिने तो घरी झोपलाच नाही. एका रात्रीत तीन-तीन वस्त्या. गाऊन घसा सुकायचा, मग कुणीतरी बाटली पुढं करायचा. देणारे आपलेच. आम्हीच. नोकरी गेली तेव्हा आम्ही म्हणालो, वाघ आहे, पर्वा करत नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी लिव्हर गेलं आणि तो गेला.

मोठी शोकसभा घेतली. बॅनर, हार, सात वक्ते. मी पाचवा. म्हणालो, 'त्यानं घरावर तुळशीपत्र ठेवलं.' च्यायला, शब्द पण कसला सापडला बघा, तोही त्यांच्याच घरातला! सभा संपताना त्याची बायको उठली. कडेवर धाकटं पोर. माइकसुद्धा घेतला नाही. म्हणाली, "तुम्ही सगळे त्याच्यासोबत रात्र-रात्र असायचा. तुमच्यातलं एक तरी कधी त्याला म्हणालं का, की आता घरी जा?"

सभेत कुणीच बोललं नाही. मीही नाही. आम्ही कार्यक्रम संपवला आणि खुर्च्या उचलल्या.

मी इतकी भाषणं केली, त्या बाईला उत्तर दिलं नाही. आजचं हे बोलणं म्हणजे थोडंफार ते उत्तर समजा.

आता बुद्धाकडं येऊ. विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविसाची गोष्ट आहे. चंपानगरीच्या श्रीमंत घरातला पोर. इतका नाजूक, की तळपायावर लव होती म्हणतात. भिक्खू झाला आणि इरेला पेटला. अनवाणी चंक्रमण करत राहिला, चालून-चालून पाय फुटले, वाट रक्तानं माखली. तरी काही हाती लागेना. मग मनात आलं, जाऊ दे, घरी जावं, पैसा आहे, दानधर्म करावा. बघा, इरेला पेटलेला माणूस शेवटी सोडून जाण्याच्याच गोष्टी करतो. आपल्या अठरांचं हेच झालं.

बुद्ध त्याच्याकडं गेले. विचारलं, सोणा, तू वीणा चांगली वाजवायचास ना? तार फार ताणली तर वाजायची का? नाही. फार ढिली सोडली तर? नाही. मग कधी वाजायची? बरोबर लागली की. तसंच प्रयत्नाचं आहे. फार ताणला तर मन भिरभिरतं, ढिला सोडला तर आळस चढतो.

ही गोष्ट विहारात पुष्कळ वेळा सांगतात आणि इथंच थांबतात. पण पुढं काय झालं? रक्तानं माखलेली ती वाट बघून बुद्धानं सोणाला चप्पल वापरायची परवानगी दिली. नुसता उपदेश करून ते निघून गेले नाहीत. पाय फुटलेल्या माणसाला तोल शिकवायचा तर आधी त्याच्या पायात चप्पल हवी, हे त्यांना कळत होतं. आणि सोण काय म्हणाला? मला एकट्याला नको. लोक म्हणतील, एवढी संपत्ती सोडून आला आणि चपलेत अडकला. सगळ्या संघाला द्याल तर मीही घालीन. मग सगळ्या संघाला परवानगी मिळाली.

दोस्तांनो, चप्पल शिवणाऱ्या माणसांची आपण पोरं. ही गोष्ट आपण अर्धीच का सांगतो? तार लावणं ही ज्याची त्याची बाब आहे. पण चप्पल सगळ्यांना मिळाली पाहिजे. पुरवणीतलं संतुलन एकट्याचं असतं. आपलं संघाचं असेल.

दुसरं दीघनिकायातलं सिगालोवाद सुत्त. सिगाल सकाळी ओलेत्यानं सहा दिशांना हात जोडत उभा. बुद्ध म्हणाले, दिशा त्या नव्हेत. आईबाप पूर्व, गुरू दक्षिण, बायकापोरं पश्चिम, मित्र उत्तर, खाली कामगार, वर श्रमण. क्षेत्रं-क्षेत्रं म्हणता ना, ही घ्या सहा. आणि प्रत्येक दिशेला कर्तव्य दोन्हीकडून. मालकानं कामगाराशी कसं वागायचं तेही तिथं आहे. ताकदीप्रमाणं काम, अन्न आणि वेतन, आजारपणात शुश्रूषा, वेळोवेळी सुट्टी. आणि पैशाचं काय? कमाईचे चार भाग करा, एक वापरा, दोन धंद्यात घाला, चौथा अडचणीसाठी ठेवा. आपल्यातले किती जण चौथा भाग ठेवतात? मोर्चात अटक झाली की जामिनासाठी आईचं मंगळसूत्र गहाण पडतं. ती आईची दिशा आपण कुठं पूजली?

इथं बायकांचं बोलतो आणि हे पोरांनी ऐकायचं. आपण पुरुषांनी चळवळ केली, तोल गेला नाही, कारण घर दुसरं कुणीतरी धरून होतं. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. गावोगाव, घरोघर फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायांना त्यांनी बोलतं केलं. तोवर आपल्या इतिहासात बाया किती होत्या? बाबासाहेबांनी तरी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' रमाईच्या स्मृतीला अर्पण केलं. आपण काय अर्पण केलं? मी एकदा घरी फुशारकीनं म्हणालो, मी चळवळीला वीस वर्षं दिली. बायको भांडी घासत होती, वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "वीस वर्षं रॉकेलच्या रांगेत मी उभी होते. ती कुणाला दिली ते पण लिहून ठेवा."

तेव्हा ठरवायचं काय? मी काही मुद्दे ठेवतो, तुम्ही उद्याच्या सत्रात भांडा.

एक. नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकानं कमाईचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा, असं सांगितलं. रुपयातले पाच पैसे. सगळी कमाई नाही मागितली. तोच हिशेब वेळेला लावा. १६८ तासांचा विसावा हिस्सा म्हणजे ८ तास २४ मिनिटं. प्रत्येकानं आठवड्याला एवढे द्यावेत. नेमानं द्यावेत. महिनाभर रोज दहा तास आणि पुढचं वर्षभर गायब, हे नको.

दोन. मीटिंग सातला म्हणजे सातला. नऊला संपणार. पुढारी दीड तास उशिरा येतो आणि बावीस माणसांचे तेहतीस तास खातो, ही पण चोरीच. पोरींना रात्री अकराला एकटं घरी जायला लावायचं आणि मग 'बाया येत नाहीत' म्हणून तक्रार करायची, हे बंद.

तीन. परीक्षा, बाळंतपण, आजारपण, घरातलं मरण. यात कार्यकर्त्याला रजा. हक्काची. त्याचं काम दुसऱ्यानं उचलायचं. आणि रजेवरच्याच्या घरी आठवड्यातून एकदा कुणीतरी जाऊन यायचं, हिशेब मागायला नाही, चहा प्यायला.

चार. शिबिराचा स्वयंपाक पोरं करतील. आजचा कुणी केला? आत बघा, कोण घाम पुसतंय ते.

पाच. कार्यक्रमानंतर बाटली नाही. आणि रात्री दहानंतर जो घरी जात नाही त्याला घरापर्यंत सोडायचं. हात धरून.

सहा. बारा तासांच्या विरोधात जिथं कामगार उभे राहतील तिथं आपण उभं राहायचं. कारण तास गेले तर वरचे पाचही मुद्दे कागदावरच राहतील.

काही जण म्हणतील, हे सगळं मवाळ झालं. आग कुठं गेली? ऐका. १९७४ च्या जानेवारीत वरळी पेटली, १९९७ ला रमाबाई नगर रस्त्यावर आलं, तेव्हा कुणी घड्याळ बघितलं नाही. पुन्हा तसा दिवस आला तर आपणही बघणार नाही. तेव्हा तोलाबिलाच्या गोष्टी करणाऱ्याला मीच गप्प बसवीन. पण तो दिवस येईल तेव्हा रस्त्यावर उतरायला माणसं शिल्लक पाहिजेत. जिवंत, शुद्धीवर, घरच्यांनी 'जा' म्हणून पाठवलेली.

त्या अठरा जणांची नावं या कागदावर आहेत. मी वाचत नाही, कागद फिरवतो. प्रत्येकानं एक नाव घ्या आणि या आठवड्यात त्याच्या घरी जा. 'का येत नाहीस' असं विचारू नका. 'कसा आहेस' विचारा.

नऊ वाजत आलेत. मी थांबतो. आता घरी जा.

जय भीम.